सूचना : कृषी पर्यटनाची बांधकामे सुरू करण्याआधी

सर्व सभासदांनी लक्ष द्यावे. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाचे नोंदणी प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे जमीन अकृषिक झाली असे नाही. या एका गैरसमजापायी खोल्या उभ्या राहिल्यावर महसूल खात्याकडून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४५ ची (विनापरवाना अकृषिक वापराबद्दलची) नोटीस येते.

आधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. क्षेत्र शेती विभागात असेल तर तिथे कोणता वापर चालतो, हे लेखी विचारा. तोंडी उत्तरावर पाया खोदू नका. नंतर ताजा सातबारा काढून ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरण व वापरावर शासनाचे निर्बंध असलेली जमीन) असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बोजा किंवा वारसांची नावे असतील, तर बँकेचे आणि त्यांचे संमतिपत्र आताच घेऊन ठेवा. मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा अधिकृत मोजणी नकाशा) जोडा. बहुतेक प्रकरणे हद्दीपाशीच अडतात, आणि पावसाळ्यात शेतात उभे पीक असले की मोजणी लांबते. गावठाणापासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर त्याच संहितेचे कलम ४२-ड (गावठाणालगतच्या जमिनीच्या वापरबदलाची सवलत) तपासा. पण ती सवलत निवासी वापरासाठी आहे, हे विसरू नका.

नदीकाठी तंबू टाकणाऱ्यांनी पूररेषा आधी पाहावी.

शेतीपंपाच्या जोडणीवरून खोल्यांना वीज देऊ नका. विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. जेवण देणार असाल तर एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी हवीच.

कागदांच्या झेरॉक्स येत्या सोमवारपर्यंत सचिवांकडे द्याव्यात, एकत्र तपासून घेऊ.