करी रोडला उतरण्याचं कारण

चि. बंटी,

अनेक आशीर्वाद.

एकाच खोलीत राहून बाप पत्र लिहितो म्हणून हसशील. पण तू रात्रपाळीला, मी पहाटे पाचला बाहेर. बोलायचं कधी?

शुक्रवारी दारात बडीशेप चघळत उभा होतास. अरे, दारूचा वास लपवायला तीच बडीशेप मी बारा वर्षं चघळली. तुझ्या आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

ओरडत नाही. ओरडायला तोंड नाही मला.

चिंचपोकळी जवळ असून बाबा करी रोडला का उतरतात, असं तू मागे विचारलं होतंस. चिंचपोकळीला उतरलं की वाटेत माझा जुना अड्डा. सोडून सहा वर्षं झाली, तरी सोड्याची बाटली फुस्स झाली की पाय आपोआप मंदावतात. मला वाटायचं, आपलं मनच कच्चं. मग डॉक्टरीणबाईंनी माकडांची गोष्ट सांगितली. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाचा शास्त्रज्ञ माकडांना आधी खूण दाखवून मग फळांचा रस द्यायचा. सुरुवातीला रस मिळाला की मेंदूतल्या डोपामाइनच्या, म्हणजे ‘हवंय’ असं वाटायला लावणाऱ्या रसायनाच्या, पेशी चेकाळायच्या. सवय झाल्यावर खूण दिसली की लगेच. रसाचं मग त्यांना काहीच नाही. पण खूण होऊन रस आला नाही, तर त्या गप्प पडायच्या. माझी खूण म्हणजे ती फुस्स.

दारू हे डोपामाइन वाढवते, वर मेंदूचा ब्रेक दाबून धरते. त्या ब्रेकला गाबा म्हणतात. रोज दाबला की मेंदू उलटा जोर लावतो. मग एका क्वार्टरचं काम दोनावर जातं, आणि सकाळी प्यायली नाही तर हात थरथरून कपबशी वाजते. आमची वाजायची ती तुला आठवत असेल. मी तर फुशारकीत, कुणाला न विचारता एकदम सोडली आणि दुसऱ्या दिवशी फिट आली. रोज पिणाऱ्याने डॉक्टरशिवाय असं करायचं नसतं, हे मला कुठे ठाऊक!

तू अजून तिथवर गेलेला नाहीस. एवढंच कर. पुढच्या शुक्रवारी ग्रुपवर ‘बसायचं का?’ आलं, की ग्लास लांब असतानाच आत काय हलतं ते बघ. खरं काय ते मला सांग.

शनिवारी साडेतीनला करी रोडच्या पुलावर ये. घरापर्यंत चालत येऊ.

तुझा,
बाबा