कॅमेरोच्या इंजिनाची कुंडली

सिनसिनाटी, ओहायो

प्रिय संजा,

‘आधी इंजिन कुठलं ते सांग, मग बोलू,’ म्हणून फोन ठेवलास. मग आता सविस्तर वाच मर्दा.

गाडी १९६९ची शेव्हरोले कॅमेरो. विकणारा फेंडरवरचा ‘झेड/२८’चा बिल्ला (कॅमेरोच्या शर्यतीच्या आवृत्तीचा) दाखवून ‘ओरिजिनल ३०२’ (घनइंचांचं इंजिन) म्हणत होता. बिल्ला काय, कुणीही आणून बसवतो. मी साध्या कॅमेरोचेच पैसे मोजले. पण ३०२ खरंच असेल तर? ते इंजिन शर्यतीसाठी जन्मलेलं. ट्रान्स-अ‍ॅमच्या (अमेरिकेतली मोटारशर्यतींची मालिका) नियमात ३०५ घनइंचांची मर्यादा होती, म्हणून ३२७चा चार इंची बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि २८३चा तीन इंची स्ट्रोक (पिस्टनची धाव) यांची सोयरीक जुळवली. घोळ असा की ३०२, ३२७ आणि ३५० यांचा बोअर एकच आणि बाहेरून तिघंही एकसारखी. त्यात कुणीतरी सगळ्यावर केशरी रंग फासलेला.

चेसिस नंबरावरून फार कळत नाही. त्या वर्षी त्यात फक्त व्ही-८ की सहा सिलिंडर एवढंच असायचं. कारखान्याचं अक्षर मात्र ‘एन’, म्हणजे नॉरवूड. माझ्या घराजवळच होता, १९८७ साली बंद पडला.

मग ब्लॉककडे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याकडे वळलो. मागे, गिअरबॉक्स जोडतात त्या बेलहाउसिंगच्या फ्लँजवर, ड्रायव्हरच्या बाजूला कास्टिंग नंबर असतो. वायर ब्रशनं घासल्यावर ३९७००१० निघाला. शिरोलीच्या फाउंड्रीत जन्म काढलेल्या तुला हे सांगायला नको, पण उठावातला आकडा साच्याचा असतो, तो फक्त खानदान सांगतो. हा साचा १९६९पासून पुढे दहा-अकरा वर्षं चालला. दुसऱ्या बाजूला ओतकामाची तारीख होती, ‘सी ६ ९’. सी म्हणजे मार्च, सहा तारीख आणि वर्षाचा शेवटचा एकच आकडा. एकोणसत्तर की एकोणऐंशी? दशक लिहायला जागा नव्हती का रे त्यांच्याकडे?

खरा पुरावा पंचनं ठोकलेल्या आकड्यांत. ते पुढे, उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या ओतीव झाकणाच्या) समोर एका सपाट पट्टीवर असतात, नेमके अल्टरनेटरमागे. ब्लॉक डेकिंगला (वरची बाजू तासून सपाट करायला) गेला की ही पट्टी कधीकधी साफ होते, आणि लबाड लोक मग हवे ते आकडे नव्यानं ठोकतात. म्हणून भिंग घेऊन बसलो. ब्रोचिंगच्या (कारखान्यात यंत्रानं तासल्याच्या) मूळ बारीक रेघा जागच्या जागी होत्या, तेव्हा हायसं वाटलं. ‘व्ही’ म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, मग ०३१४ म्हणजे चौदा मार्च. शेजारी गाडीच्या नंबराचा तुकडा ‘१९’नं सुरू होत होता. एक म्हणजे शेव्हरोले, नऊ म्हणजे वर्ष. काळजाचा ठोका चुकला! पण पुढचं अक्षर ‘एल’. म्हणजे कॅलिफोर्नियातला व्हॅन नाइस कारखाना, आणि आपली गाडी नॉरवूडची. शिवाय तारखेनंतरचा कोड तीन अक्षरी. १९६९पर्यंत तो दोन अक्षरी असायचा (त्या वर्षीच्या झेड/२८चा ‘डीझेड’), १९७०पासून तीन. संपलं. हे इंजिन १९७९च्या कुठल्यातरी गाडीतून उपटलेलं.

खात्रीसाठी रॉकर कव्हर काढलं. हेडवर ३३३८८२. सत्तरच्या दशकातली ही हेडं, ७६ सीसीचे चेंबर, कॉम्प्रेशन मरतुकडं, आणि तडे जाण्याबद्दल बदनाम. हेड उतरवून स्ट्रोक मोजला तर ८८ मिलिमीटरच्या किंचित वर, म्हणजे ३५०च. पिस्टनवर ०३०, म्हणजे एकदा तीस थाऊ (इंचाचे तीस हजारांश) बोअरिंग झालंय.

इथले शौकीन अशा इंजिनाकडे नाक मुरडतात. त्यांना ‘मॅचिंग नंबर्स’ लागतात, म्हणजे गाडीचं मूळ इंजिनच. मला ते सोवळं पटत नाही. गाडी संग्रहालयात ठेवायची नाही, चालवायची आहे. ब्लॉक ठेवतो, हेडं बदलतो.

आता तुझ्या अखत्यारीतलं. टायमिंग कव्हरखाली काही ब्लॉकवर ‘०१०’ आणि ‘०२०’ असे आकडे ओतलेले असतात. इथले लोक छातीठोकपणे सांगतात की एक टक्का कथील, दोन टक्के निकेल. कव्हर अजून काढलेलं नाही. काढलं की फोटो धाडतो. एक टक्का कथील ग्रे आयर्नमध्ये (ब्लॉकच्या ओतीव लोखंडात) कुणी खरंच घालेल का? तुमच्या स्पेक्ट्रोवाल्याला (धातूतलं मिश्रण तपासणाऱ्याला) विचारून कळव.

तुझा,
अव्या