आमची ड्युटी लिस्ट महिनाभर आधी लावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय, स.न.वि.वि.

मी खानदेशातल्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे आणि अहिराणीत कविता लिहिते. हे दुसरं कळलं की वरिष्ठ खूश होऊन म्हणतात, "मग 12 मेचं सूत्रसंचालन तुमच्याकडेच!" परिचारिका दिनाला रांगोळी, दीपप्रज्वलन आणि एखादी कविता. आमच्या कलेची सरकारदरबारी एवढीच नोंद.

खरं तर लिहायला मी शिकले वॉर्डातल्या रिपोर्ट बुकात. तिथे "पेशंट ठीक" लिहून चालत नाही. ताप किती, कधी मोजला, लघवी किती झाली, तोंडाने काय घेतलं आणि त्यातलं काय उलटून पडलं, सगळं लिहावं लागतं. आजीबाई म्हणाल्या "जीव घाबरी राहिना वं", म्हणजे जीव घाबरतोय गं, तर तेच टिपायचं, आपला तर्क त्यात घालायचा नाही. विशेषणं उधळायची माझी खोड त्या वहीनेच मोडली. मात्र वॉर्डातलं माणूस ओळखू येईल असं कवितेत काही आणायचं नाही, हा नियम मी स्वतःला घातला आहे. त्यापायी चांगल्या ओळी सोडून द्याव्या लागतात.

उलट बाजूनेही फायदा झाला. जुलाबाचं लेकरू घेऊन येणाऱ्या आया ओआरएसचं अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात कालवायच्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात, हे भिंतीवरच्या पोस्टरवर शुद्ध मराठीत लिहिलेलं होतंच. मी अहिराणीत दोन ओळी जुळवल्या, जात्यावरच्या चालीत. आता बाया त्या एकमेकींना म्हणून दाखवतात. म्हणून कविता ही आरोग्यशिक्षणाची सोय आहे असं समजू नका हं. माझ्या बाकीच्या कविता कोणाच्याच उपयोगाच्या नाहीत, आणि मला त्याच जास्त प्रिय आहेत.

वेळ मागितला की आसोद्याच्या बहिणाबाईंचा दाखला देतात : "त्यांना कुठे सुट्टी होती?" नव्हती. त्यांना लिहिताही येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतलं म्हणून काही हाती लागलं. जे उतरवलं गेलं नाही ते गेलं, हे दाखला देणारे सांगत नाहीत. शिवाय जात्यावर गाता येतं. शिरेत सुई घालताना गुणगुणता येत नाही.

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन झालं, आमच्या दाराशी. मी रजा सांगून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी ड्युटी लिस्ट बदलली आणि मला नाईट लागली. माझ्या जागी दुसरी कोणी नव्हती, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी?

सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या 1979 च्या वर्तणूक नियमांत कामात कसूर न करता प्रासंगिक साहित्यिक, कलाविषयक काम करायला मुभा आहे. परवानगी आहे, वेळ नाही. नाईटनंतरची सुट्टी कधी कापली जाईल याचा नेम नसला, तर ना तालमीला हो म्हणता येतं, ना चार पानं सलग लिहिता येतात. लेकरांच्या शाळेतली सभासुद्धा ठरवता येत नाही, ती गोष्ट वेगळी.

पुरस्कार नको, संमेलन नको. ड्युटी लिस्ट महिनाभर आधी लावायचा आदेश काढा आणि नाईट ऑफला हात लावू नका. रिक्त पदं भरल्याशिवाय हे जमणार नाही, असं उत्तर खालून येईल. मग तीही भरा.

आपली,
एक अधिपरिचारिका