ताई, स्तोत्र ४२ मोठ्याने वाच

प्रिय ताई,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू म्हणालीस ना की रात्री आडवं झालं की तेच तेच विचार सुरू होतात, माझ्याने काहीच धड होत नाही, माझी कुणाला गरज नाही, ते ऐकल्यापासून मन लागत नाहीये म्हणून लिहायला बसले. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत पण तू सध्या फक्त ४२ आणि ४३ घे, आणि दोन्ही सलग वाच, बरेच अभ्यासक म्हणतात की ती मुळात एकच होती, शेवटची ओळसुद्धा तीच आहे.

४२ व्या स्तोत्रात ते म्हणणारा माणूस काहीच दाबून ठेवत नाही बघ. लोक दिवसभर त्याला विचारतात कुठे आहे तुझा देव, आणि ९ व्या वचनात तो स्वतःच देवाला विचारतो, तू मला का विसरलास. म्हणजे लोकांचं टोचणं आत शिरून त्याचं स्वतःचं झालं. आपलंही असंच होतं गं, कुणीतरी कधीतरी बोललेलं असतं आणि आपण ते खरं धरून वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवत राहतो. पण तो ऐकत बसत नाही, आपल्याच जिवाला विचारतो की बाबा तू का खिन्न झालास, का तळमळतोस, देवाची आशा धर.

आणि मला सगळ्यात धीर कशाने येतो माहितीये? ५ व्या वचनात एवढं बोलून लगेच ६ व्या वचनात तो परत म्हणतो, माझा जीव खिन्न झालाय. एकदा म्हटलं आणि झालं मोकळं, असं नाही होत त्याचं. तोच प्रश्न दोन्ही स्तोत्रं मिळून ३ वेळा येतो. त्यामुळे विचार परत आला म्हणून तुझा विश्वास कमी पडला असं अजिबात समजू नकोस.

मोठ्याने, सावकाश वाच. त्या प्रश्नापाशी थांब आणि खरंखुरं उत्तर दे, कशाने खिन्न आहेस ते, रडू आलं तर येऊ दे, मग आशा धर ही ओळ स्वतःचं नाव घेऊन म्हण. आणि झोप अशीच उडत राहिली तर डॉक्टरांनाही दाखव प्लीज, प्रार्थना करतेय म्हणून ते टाळू नकोस.

रविवारी फोन करते, ४३ आपण दोघी मिळून वाचू. आईपप्पांना सलाम सांग.

तुझीच,
छोटी