इन्सुलिनची बाटली दिली, शिकवायचे कोणी? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

खान्देशातल्या शासकीय रुग्णालयांत आधी अधिपरिचारिका आणि पुढे परिसेविका म्हणून माझी नोकरी झाली. तीस वर्षांवरील माणसांची शुगर तपासायला आशाताई घरोघरी अर्ज भरून घेतात, उपकेंद्रात बोटातून रक्त काढले जाते, ही चांगलीच गोष्ट आहे. माझे गाऱ्हाणे त्याच्या पुढच्या पायरीचे आहे. इन्सुलिनची बाटली रुग्णाच्या हाती पडते, पण ते टोचायचे कसे आणि ठेवायचे कुठे, हे शांतपणे शिकवायला वॉर्डातल्या सिस्टरला वेळच उरत नाही.

एक उदाहरण देते. सरकारी पुरवठ्यातली बाटली बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. ती संपली म्हणून घरच्यांनी बाहेरून नारिंगी टोपणाची, म्हणजे 100 युनिटची सिरिंज आणली आणि तिच्यावर 20 च्या रेषेपर्यंत औषध भरले, तर पोटात प्रत्यक्षात 8 युनिटच जातात. उलट 100 युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या रेषेपर्यंत घेतले, तर 50 युनिट जातात आणि साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडू शकतो. माझ्या वॉर्डात असा रुग्ण आला, तेव्हा चूक त्याची नव्हती. आम्ही त्याला टोपणाचा रंग कधी सांगितलाच नव्हता.

दुसरा प्रश्न आमच्या उन्हाळ्याचा. भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि वापरातले इन्सुलिन तर 30 अंशांच्या आत ठेवायचे असते. घरी फ्रीज नसेल, किंवा असून वीज नसेल, तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, पिशवीत गुंडाळून कोरडी राहील अशी बाटली ठेवता येते. कोरड्या हवेत ही युक्ती चांगली साधते. फ्रीज असलेली माणसे मात्र काळजीपोटी ती बर्फाच्या कप्प्यात ठेवतात आणि गोठलेले औषध वाया जाते.

पायांची गोष्ट सर्वांत जिवाला लागते. ‘सिस्टर, मना पाय दुखसच नही,’ असे कपाशीच्या रानातला माणूस समाधानाने सांगतो, तेव्हा मला धास्ती वाटते, कारण संवेदना गेलेल्या तळव्यात काटा मोडला तरी कळत नाही आणि जखम दिसेपर्यंत बोट काळे पडलेले असते. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून ही संवेदना काही मिनिटांत तपासता येते. त्याला डॉक्टरच हवा असे नाही. (आहाराच्या कागदावर ओट्सऐवजी कळण्याची भाकरी किती खावी ते लिहिले, तर तो कागद निदान वाचला जाईल.)

म्हणून विनंती अशी की, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून अर्धा दिवस एका प्रशिक्षित परिचारिकेला दुसरी कोणतीही ड्यूटी न लावता केवळ मधुमेहींसाठी मोकळे ठेवावे, तो तंतू तिच्याकडे द्यावा, आणि बाटलीसोबत तिच्याच मापाची सिरिंज त्याच खिडकीवर मिळावी. चैत्रात खान्देशातून हजारो माणसे सप्तशृंगी गडाकडे पायी निघतात, त्यांत अनवाणी चालणारेही असतात. निदान त्यांतल्या मधुमेहींचे तळवे निघण्याआधी कोणीतरी पाहावेत, एवढी सोय येत्या चैत्रापूर्वी व्हावी.

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त परिसेविका, जळगाव जिल्हा