शनिवार तेल्याच्या पोराला

ठाणे, गुरुवार

चि. डॅनियल यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, इथे शब्बाथ म्हणजे सक्तीची सुट्टी गं. बस बंद, दुकानं बंद. बारापर्यंत झोपतो, कपडे धुतो, की संपला शनिवार. ह्यात पवित्र ते काय?" तेव्हा गॅसवर कुकर होता आणि असल्या गोष्टी फोनवर बोलवतही नाहीत, तू मध्येच "हॅलो, हॅलो" करतोस. म्हणून कागद घेतला. तुझी बहीण ह्याचे फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिला विचार.

प्रश्न मला आवडला. तिथे इस्राएलात, बीरशेबामध्ये, शनिवार आयता ताटात वाढून येतो, म्हणून तो तिथेच पडून राहतो. कोकणात आपल्या बेने इस्राएल माणसांना, म्हणजे इथल्या यहुद्यांना, शनिवार राखायला पदरचं घालावं लागायचं. लोक त्यांना शनवार तेली म्हणत, हे तुला पाठ आहे, पण त्याचा हिशेब तू कधी केला नसशील. गावात दुसरेही तेली होतेच. बैलाला सोमवारी सुट्टी देणारे ते सोमवार तेली. त्यांची सुट्टी सगळ्या गावाला कळायची, महादेवाचा वार म्हणून. आपल्यांची कोणाला कळणार? गिऱ्हाईक शनिवारी बुधली घेऊन दारात उभं राहायचं आणि परत जायचं, ते दुसऱ्याच्या घाण्यावर. का, असं विचारलं तर आपल्यांकडे उत्तरही धड नव्हतं. पूर्वीपासून असंच आहे, एवढंच.

नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पुस्तकं समुद्रात गेली, असं आपण सांगत आलो. त्यातलं खरं किती, ते इतिहासवाले बघतील. पण पुढची कित्येक शतकं आपल्याकडे तोरा, म्हणजे मोशेचा धर्मग्रंथ, नव्हती, रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हता, प्रार्थनेला घर नव्हतं. मुंबईत दिवेकरांनी शाआर हारहमीम हे प्रार्थनामंदिर उभारलं ते 1796 साली. तीच आपली जुनी मशीद, मस्जिद बंदर स्टेशनच्या बाजूची. त्याच्या आधी काय होतं? देव एकच म्हणणारी शेमाची ओळ होती, आठव्या दिवसाची सुंता होती, खवल्याची मासळी होती आणि शनिवार होता. इमारत एकही नाही. तरी माणसं टिकली.

सणांचंही तसंच. योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास, हे नाव माझ्या आजीला म्हातारपणी कळलं, तिच्या तोंडी ती दारफाळणीच. दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, बाहेर कोणाशी बोलायचं नाही. तिशाबआवला ती बिरड्याचा रोजा म्हणायची, कारण त्या उपासाला वालाचं बिरडं ठरलेलं. यरुशलेमचं मंदिर रोमनांनी सन 70 मध्ये जाळलं, त्याच्या शोकाचा हा दिवस, आणि तो पाळणाऱ्या बाईने यरुशलेम नकाशातसुद्धा पाहिलेलं नव्हतं. मंदिर गेलं, तारीख तेवढी कोकणात वालाच्या डाळिंब्या सोलत बसली होती.

आता तोरा उघड. पहिल्याच पानांवर आहे. उजेड झाला, पाणी झालं, झाडं, मासे, जनावरं, माणूस झाला. सगळं बरं आहे म्हणून देवाने बघितलं. पण पवित्र केलं कशाला? डोंगर होते, नद्या होत्या, एदेनची बाग होती. त्यातलं काही नाही, सातवा दिवस. आपले शेजारी पंढरीला जातात, हाजीमलंगला जातात, मीही तुला कडेवर घेऊन अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हानबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, खडकापर्यंत चालत गेले आहे, तेव्हा जागेला मी कमी लेखत नाही. पण आपल्याकडे जागेचा नंबर दुसरा. पहिली तारीख.

हे मी मनाचं सांगत नाही. तोरातल्या निर्गम ह्या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात मोशे रानात लोकांना गोळा करतो. देवाचा निवासमंडप उभारायचा आहे, सोनं, चांदी, निळं-जांभळं सूत, बाभळीचं लाकूड, सगळी यादी. आणि यादीच्या आधी काय सांगतो? सहा दिवस काम, सातव्या दिवशी नाही. म्हणजे देवाचं घर बांधायचं असलं तरी शनिवारी हातोडा खाली ठेवायचा. ह्या दोन गोष्टी शेजारीशेजारी का, म्हणून रब्बींनी डोकं लढवलं आणि ठरवलं की मंडप उभारायला जी जी कामं लागली तीच शब्बाथला बंद. मिश्नात, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमग्रंथात, ती मोजली आहेत, "चाळीसला एक कमी". नांगरणी, पेरणी, कापणीपासून विणकाम, दोन अक्षरं लिहिणं, दिवा लावणं, विझवणं, ओझं नेण्यापर्यंत. पुढे त्याला एवढे फाटे फुटले की मला स्वतःला सगळे पटत नाहीत, आणि मी शनिवारी गॅस पेटवते हे तुला माहीतच आहे. पण एक बघ. मळणीच्या पोटात त्यांनी पिळणं धरलं, जैतून पिळून तेल काढणं. म्हणजे आपला घाणा बरोब्बर तिथे बसतो. यादी कधी न वाचलेल्या माणसाने तो थांबवला होता.

तू म्हणतोस सुट्टी. तुझा साहेब म्हणत असेल, आराम करा आणि रविवारी ताजेतवाने या. ही सुट्टी रविवारच्या कामासाठी झाली. बैलालाही तशी देतात. रोमन तत्त्वज्ञ सेनेका तर चिडलेला, की हे यहुदी सातवा दिवस रिकामे बसून आयुष्याचा जवळजवळ सातवा हिस्सा फुकट घालवतात. तो हुशार माणूस होता आणि हिशेब त्याचा बरोबर आहे. फक्त आपण तो उलटा मांडतो. सहा दिवसांची धावपळ सातव्यासाठी. शुक्रवारी दुपारी माझी जी घाई चालते ती तू पाहिली आहेस. मी शाळेत शिकवत होते तेव्हा शनिवारी सकाळची शाळा असायची, चुकायची नाही. म्हणून आमच्या घरात शुक्रवारची संध्याकाळ एवढी भारी झाली. शेजारच्या काकू विचारायच्या, "शनिवार उद्या ना, मग दिवा आजच का?" त्यांची एकादशी सूर्योदयाला धरतात, आपला दिवस सूर्यास्ताला उगवतो. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा तोरातला क्रम.

सण मात्र निराळे. शब्बाथ कोणाला विचारून येत नाही. माणूस जागा असो, झोपलेला असो (हे तुझ्यासाठी), सातवा दिवस येतोच. सणाची तारीख माणसाने ठरवायची. मिसरमधून निघायच्या आधी, अजून गुलामीत असताना, पहिली आज्ञा मिळाली ती हीच, की हा महिना तुमचा पहिला. इटलीतला जुना भाष्यकार स्फोर्नो म्हणतो, आजवर तुमचे दिवस दुसऱ्याच्या कामाचे होते, आता महिने तुमचे. गुलामाला आधी काय द्यायचं? जमीन नाही, तलवार नाही, कॅलेंडर. मला ह्याचं अजून नवल वाटतं.

पुढे यरुशलेममध्ये चंद्रकोर पाहिलेले दोन साक्षीदार आले की न्यायसभा महिना सुरू झाल्याचं जाहीर करायची. साक्षीदारांनी यावं म्हणून त्यांना पोटभर जेवण असायचं आणि त्या वाटेसाठी शब्बाथ मोडायचीही मुभा होती. न्यायसभेचा प्रमुख रब्बान गमलिएल, त्याच्या माडीवर चंद्राच्या आकारांची चित्रं टांगलेली होती, साक्षीदाराला विचारायला, "असा दिसला की असा?" एकदा दोघं आले, म्हणाले, कोर दिसली. दुसऱ्या रात्री चंद्र कोणालाच दिसला नाही. तरी गमलिएलने साक्ष मानली. रब्बी दोसा म्हातारा, तोंडाचा फटकळ. म्हणाला, खोटे आहेत हे, काल बाळंत झाली म्हणता आणि आज तिचं पोट दातांशी आलेलं आहे! रब्बी यहोशुआला ते पटलं. मग त्याच्या हिशेबाने योम किप्पूर एक दिवस पुढे जाणार. गमलिएलने निरोप धाडला: तुझ्या हिशेबाने जो योम किप्पूर, त्या दिवशी काठी आणि पैशाची थैली घेऊन माझ्याकडे ये.

विचार कर, केवढी शिक्षा. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, जेव्हा पैशाला हात लावायचा नाही, हातात पैसे घेऊन चालायचं. यहोशुआ कष्टी बसलेला असताना रब्बी अकिवाने त्याची समजूत काढली, की तोरात लिहिलं आहे, हे सण तुम्ही जाहीर करायचे. वेळेवर असोत की नसोत, ह्याखेरीज दुसरे सण नाहीत. यहोशुआ काठी घेऊन गेला. गमलिएल उठला, त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, ये, माझ्या गुरू आणि माझ्या शिष्या. ज्ञानाने गुरू, आणि माझं ऐकलंस म्हणून शिष्य.

तुम्ही इंजिनियर लोक म्हणाल, चंद्र चुकला की माणूस चुकला ते आधी ठरवा. मला वाटतं दोसा बरोबर होता. तरी सगळे एका दिवशी उपाशी राहिले. आता साक्षीदार नाहीत, गणित आहे, 19 वर्षांत 7 वेळा अदार महिना जास्तीचा, आपल्या इथल्या अधिक मासासारखा. पण सणाच्या आशीर्वादात आजही "इस्राएल आणि काळ यांना पवित्र करणारा" असं म्हणतो, आणि गुरुजन सांगतात की इस्राएल आधी, कारण काळ पवित्र करणारे तेच. शब्बाथच्या आशीर्वादात मधे माणूस नाही.

तुझ्या आवडीचं एक. 2003 साली कल्पना चावलाबरोबर त्या यानात इलान रामोन होता, तुमच्या हवाई दलातला. वर दर दीड तासाला सूर्यास्त. शब्बाथ कधी धरायचा म्हणून त्याने रब्बींना विचारलं. पृथ्वीवरच्या घड्याळाने सात दिवस मोज, असं उत्तर मिळालं. स्वतः काही फारसा पाळणारा नव्हता तो, पण त्याने वर किद्दुश, पेल्यावर म्हणायची शब्बाथची प्रार्थना, म्हटला.

तू सगळं पाळ असं मी म्हणणार नाही. फोन बंद कर असंही नाही, मग मला तुझी खबर कशी कळणार? फक्त शुक्रवारी सरबत कर. काळ्या मनुका धुवायच्या, सकाळी पाण्यात भिजत घालायच्या, संध्याकाळी त्याच पाण्यात कुस्करून फडक्यातून पिळून घ्यायच्या. साखर नको. तिकडे वाइन गल्लोगल्ली मिळते हे ठाऊक आहे, आपल्याकडे मिळत नव्हती म्हणून हे सुरू झालं, पण तू हेच कर. पेला भरून घे आणि त्या केरळच्या मुलाला बोलाव, एकटा बसू नकोस. झाल्यावर दोघं हातबोशी करा, हाताला हात लावून आपापल्या बोटांचं चुंबन घ्यायचं ती. त्याला येत नसेल तर शिकव. कपडे गुरुवारी धू.

पेसाहला, आपल्या बेखमीर भाकरीच्या सणाला, येतोस ना? तिकीट काढताना लक्षात ठेव, तुमच्याकडे सात दिवस, आमच्याकडे आठ. यरुशलेमचा निरोप्या लांबच्या गावांना वेळेवर पोचायचा नाही म्हणून हा जास्तीचा दिवस, आणि गणित आलं तरी आपण तो सोडलेला नाही. सातव्या दिवशी रात्री "आता पाव आण" म्हणून माझ्या मागे लागायचं नाही.

तुझी,
आई