पावसाळ्यात ओपन सोर्सचे काम अडू नये

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली अनेक मुले आता गावात राहूनच ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पांत काम करू पाहतात. जूनपासून वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे होतात आणि पहिली ठेच तिथेच लागते. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनाने प्रकल्पाची पूर्ण प्रत (क्लोन) उतरवताना ती मध्येच तुटली तर ती पुढे चालू होत नाही, पुन्हा शून्यापासून उतरवावी लागते. लिनक्स कर्नलसारख्या (लिनक्स प्रणालीचा गाभा) प्रकल्पाचा, आजवरच्या सगळ्या बदलांचा पूर्ण इतिहास काही जीबी भरतो! म्हणून आधी क्लोनच्या आज्ञेत ‘डेप्थ १’ हा पर्याय देऊन फक्त शेवटची अवस्था घ्यावी. जुना इतिहास नंतर ‘डीपन’ने थोडाथोडा आणता येतो. कमिट (बदल नोंदवणे), ब्रँच (कामाची वेगळी शाखा काढणे), डिफ (काय बदलले ते ओळीओळीने पाहणे) यांना नेट लागतच नाही.

इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर मोठ्या प्रकल्पांचे ‘मिरर’ (हुबेहूब प्रती) ठेवावेत आणि ते रात्री अद्ययावत करावेत, ही कळकळीची विनंती. मुले पेनड्राइव्हवरही प्रत नेऊ शकतील.

प्रकल्पाला पाठवायचा पहिला पॅच (दुरुस्ती) मात्र लहानच असावा. एडिटरने आपोआप सगळ्या फाइलमधल्या मोकळ्या जागा बदलल्या, की दोन ओळींची दुरुस्ती शेकडो ओळींत हरवते आणि प्रकल्पातला तपासणारा ती परत पाठवतो. तो बऱ्याचदा विनावेतन काम करत असतो. पाठवण्याआधी डिफ ओळीन् ओळ वाचावा.

– एक वाचक, कुडाळ